पुढची चाके मागे, मागची चाके पुढे: वेबच्या 'ट्यूटॉनिक' इंजिनांतील दिशाबदलाचे प्रकरण

१८९० च्या दशकात लंडनच्या यूस्टन स्थानकावरील प्रवाशांना अधूनमधून एक चमत्कारिक दृश्य पाहायला मिळत असे. उत्तरेकडे जाणारी जलद गाडी सुटण्याची वेळ झालेली असे, ड्रायव्हरने रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरांकडे वाफ सोडणारी मुख्य झडप, उघडलेला असे आणि इंजिनाच्या मोठ्या चालक चाकांच्या दोन जोड्यांपैकी मागची जोडी पुढच्या दिशेने, तर पुढची जोडी उलट दिशेने फिरू लागलेली असे. गाडी मात्र जागची हललेली नसे. इंजिन बिघडलेले नव्हते, कोणता भाग तुटलेला नव्हता आणि ड्रायव्हरनेही काही चुकीचे केलेले नव्हते. प्रत्येक सुटा भाग ज्या कामासाठी घडवला होता तेच काम चोख करत होता, आणि म्हणूनच हे प्रकरण तपशिलात तपासण्याजोगे आहे.

ही इंजिने लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या 'ट्यूटॉनिक' वर्गातील होती. कंपनीचे मुख्य इंजिन अभियंता फ्रान्सिस विल्यम वेब यांनी क्रू येथील कारखान्यात १८८९ आणि १८९० मध्ये अशी दहा इंजिने बांधली, आणि एका 'जीनी डीन्स'चा अपवाद सोडला तर त्यांना व्हाइट स्टार कंपनीच्या जहाजांची नावे दिली. वेब १८७१ पासून या पदावर होते. क्रूमध्ये त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. त्यांच्या हट्टी स्वभावाच्या गोष्टी इतक्या प्रचलित आहेत की या इंजिनांच्या दोषाचे खापरही बहुधा त्या स्वभावावरच फोडले जाते. हे निदान सोपे आहे, पण मला ते अपुरे वाटते. दोष एका सुट्या भागात नव्हता. तीन निर्णय, जे एकेकटे पाहिले तर समर्थनीय होते, एकत्र येताच एकमेकांचा आधार काढून घेत होते.

दिशा कोण ठरवते

वाफेच्या इंजिनाला स्वतःची अशी दिशा नसते. दट्ट्याच्या कोणत्या बाजूला ताजी वाफ सोडायची आणि कोणत्या बाजूची वापरलेली वाफ बाहेर जाऊ द्यायची, हे सिलिंडरला लागून असलेली सरकती झडप ठरवते, आणि ती झडप योग्य क्षणी हलली तरच चाक हव्या त्या दिशेला फिरते. झडपेला ही हालचाल देण्यासाठी चाकांच्या आसावर एक्सेंट्रिक बसवतात. ही एक गोल तबकडीच असते, पण तिचा मध्य आसाच्या मध्यापासून थोडा बाजूला असतो, त्यामुळे आस फिरला की तिच्याभोवतीचा पट्टा आणि त्याला जोडलेला दांडा पुढेमागे होतो.

खरा प्रश्न कोनाचा आहे. साध्या सरकत्या झडपेत, जिथे वाफ झडपेच्या बाहेरच्या कडांवरून सिलिंडरमध्ये शिरते, तिथे एक्सेंट्रिक फिरण्याच्या दिशेने क्रँकच्या (दट्ट्याचा जोर घेऊन आस फिरवणाऱ्या भुजेच्या) नव्वद अंश पुढे, आणि त्यावर आणखी थोडे, असे असावे लागते. हा जादा कोन दोन कारणांनी लागतो. झडपेच्या कडा वाफेच्या मार्गांवर थोड्या अधिक पसरलेल्या ठेवतात, म्हणजे वाफ लवकर तोडून तिला प्रसरण पावू देता येते, आणि दट्ट्या टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी ताजी वाफ आत यावी लागते. हा जादा कोन उदाहरणादाखल वीस अंश धरला, तर पुढे जाण्यासाठी एक्सेंट्रिक क्रँकच्या एका बाजूला एकशे दहा अंशांवर हवे आणि मागे जाण्यासाठी दुसऱ्या बाजूला एकशे दहा अंशांवर हवे. या दोन जागांमधले अंतर एकशे चाळीस अंश होते. दिशा बदलण्याची प्रत्येक यंत्रणा, तिचे बाह्यरूप काहीही असो, शेवटी हे अंतर पार करण्याचीच एक युक्ती असते.

१८२९ च्या 'रॉकेट'मध्ये ही युक्ती अगदी ढोबळ होती. एक्सेंट्रिक आसावर सैल असत आणि ड्रायव्हर पायाच्या पट्टीने त्यांना आडवे सरकवून आसावरच्या एका किंवा दुसऱ्या खुंटीत अडकवत असे. एक खुंटी पुढच्या दिशेची, दुसरी मागच्या दिशेची. खुंटी सापडेपर्यंत इंजिन हलवायचे कसे, याचेही उत्तर त्या यंत्रात होते. झडपांचे दांडे सोडवून ड्रायव्हर हाताने लिव्हर चालवत असे आणि स्वतःच्या अंदाजाने वाफ देत पहिली काही पावले टाकून घेत असे. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरला पुढच्या आणि मागच्या दिशेची अशी दोन पक्की एक्सेंट्रिक देऊन हवा तो दांडा आकड्याने झडपेला अडकवण्याची पद्धत आली. १८४२ मध्ये न्यूकॅसलच्या स्टीफन्सन कारखान्यात विल्यम विल्यम्स आणि विल्यम हाउ यांच्या हातून त्या दोन दांड्यांची टोके एका खाचेच्या वक्र दुव्याने जोडली गेली, आणि दिशा बदलणे व वाफ लवकर किंवा उशिरा तोडणे ही दोन्ही कामे एकाच लिव्हरवर आली. दोनच वर्षांनी, १८४४ मध्ये, बेल्जियमच्या एगीद वाल्शार्त यांनी आपल्या गिअरचे, म्हणजे झडप हलवणाऱ्या यंत्रणेचे, पेटंट घेतले. भारतात ज्यांनी डब्ल्यूपी किंवा डब्ल्यूजी इंजिने धावताना पाहिली आहेत, त्यांनी चाकांच्या बाहेर डोलणाऱ्या ज्या दांड्यांकडे टक लावून पाहिले, ती याच वाल्शार्त गिअरची रचना.

वेब यांनी स्वतः पसंत केलेले गिअर निराळे होते. डेव्हिड जॉय यांनी १८७९ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत एक्सेंट्रिक मुळी नसतेच. झडपेची हालचाल क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरून घेतली जाते आणि एक मार्गदर्शक खाच तिरकी करून दिशा बदलली जाते. त्यामुळे आसावरची जागा मोकळी राहते आणि बेअरिंग रुंद करता येतात. वेब यांनी हे गिअर मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. म्हणजे दिशाबदलाच्या यंत्रणांबद्दल त्यांना अज्ञान होते, असे म्हणायला जागा नाही. आपल्या काळातील सर्वांत नवे गिअर वापरणाऱ्या माणसाने साठ वर्षांपूर्वीचे सैल एक्सेंट्रिक पुन्हा बाहेर का काढले, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

तीन निर्णय

पहिला निर्णय संयुक्त इंजिनाचा. वाफ एका सिलिंडरात वापरून धुराड्यात सोडून देण्याऐवजी ती आधी लहान, उच्च दाबाच्या सिलिंडरात आणि नंतर मोठ्या, कमी दाबाच्या सिलिंडरात वापरली, तर कोळसा वाचतो, हे जहाजांवर सिद्ध झाले होते. १८७६ मध्ये आनातोल माले यांनी फ्रान्समधील बायोन ते बियारित्झ मार्गावर अशी रेल्वे इंजिने चालवून दाखवली. वेब यांनी १८८२ मध्ये 'एक्सपेरिमेंट' बांधले आणि पुढे 'ड्रेडनॉट' वर्गाची चाळीस इंजिने काढली. या सर्वांची मांडणी एकच होती. चौकटीबाहेर दोन उच्च दाबाचे सिलिंडर मागच्या चालक आसाला फिरवत आणि चौकटीच्या आत, मधोमध, एकच अवाढव्य कमी दाबाचा सिलिंडर पुढच्या चालक आसाला फिरवत असे. 'ट्यूटॉनिक'मध्ये बाहेरचे सिलिंडर १४ इंच व्यासाचे, आतला ३० इंच व्यासाचा, तिघांचाही स्ट्रोक (दट्ट्याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची चाल) २४ इंच, बॉयलरचा दाब चौरस इंचाला १७५ पौंड आणि चाकांचा व्यास ७ फूट १ इंच होता.

दुसरा निर्णय या दोन आसांना न जोडण्याचा. बहुतेक इंजिनांत चालक चाकांच्या जोड्या बाहेरून आडव्या दांड्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. ते दांडे घर्षण वाढवतात, वेगात त्यांची फेकाफेक रुळाला आणि यंत्राला त्रास देते, कधी ते मोडतातही. वेब यांच्या मते दोन आसांना स्वतंत्रपणे ढकलणारे सिलिंडर असताना या दांड्यांची गरजच उरत नव्हती. चालक चाकांची एकच जोडी असलेल्या जुन्या जलद इंजिनांचा मोकळेपणा आणि दोन जोड्यांची पकड, असे दोन्ही लाभ त्यांना एकाच यंत्रात हवे होते.

तिसरा निर्णय झडपेचा, आणि त्याच्याकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण एरवी तो निव्वळ विक्षिप्तपणा वाटतो. आधीच्या वर्गांत उच्च आणि कमी दाबाच्या बाजूंना दिशा बदलण्याची वेगवेगळी यंत्रणा होती, त्यामुळे ड्रायव्हरला एका इंजिनात दोन ठिकाणी निर्णय घ्यावा लागे. कमी दाबाच्या बाजूला वाफ लवकर तोडली, तर दोन टप्प्यांमधल्या रिसीव्हर नळ्यांत वाफ तुंबते आणि उच्च दाबाच्या दट्ट्याला मागून अडवते. मग कोळसा वाचण्याऐवजी अधिक जळतो. म्हणून कमी दाबाची झडप नेहमी पूर्ण उघडीप देणारी असावी आणि ड्रायव्हरने तिला हात लावू नये, हेच उत्तम होते. एकदा हे मान्य केले की त्या झडपेला दोनच स्थिती उरतात, पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे, आणि दोनच स्थितींसाठी सैल एक्सेंट्रिकइतकी साधी, स्वस्त आणि हलकी रचना दुसरी नाही. आसावर एक खुंटी, एक्सेंट्रिकवर दोन टेकू आणि मधे एकशे चाळीस अंशांच्या आसपास मोकळी जागा. आस पुढे फिरला की खुंटी एका टेकूला जाऊन भिडते आणि एक्सेंट्रिकला पुढच्या स्थितीत ओढत नेते, मागे फिरला की दुसऱ्याला. लिव्हर नाही, दांडे नाहीत, ड्रायव्हरची चूक होण्याची शक्यता नाही. इंजिन ज्या दिशेने जाईल ती दिशा झडप आपोआप उचलते.

या वाक्यातच सापळा आहे. सैल एक्सेंट्रिक दिशा ठरवत नाही, ती घडून गेल्यावर स्वीकारते. त्यामुळे हव्या त्या दिशेने आधी दुसऱ्या कोणीतरी आस फिरवून द्यावा लागतो. 'रॉकेट'मध्ये ते काम ड्रायव्हर हाताने करत असे. छंद म्हणून बनवलेल्या लहान इंजिनांत आजही सैल एक्सेंट्रिक वापरतात आणि तिथे इंजिनाला बोटाने ढकलून दिशा दिली जाते. 'ट्यूटॉनिक'मध्ये हे काम रुळाने करावे, अशी अपेक्षा होती. उच्च दाबाच्या सिलिंडरांनी मागची चाके फिरवून इंजिन पुढे ढकलायचे, इंजिन पुढे गेले की पुढची चाके रुळावर गडगडत पुढे फिरणार, आणि मग एक्सेंट्रिक आपली जागा घेणार.

अडीच मीटरचा प्रश्न

इंजिनाने पुढे जायचे तरी किती? ७ फूट १ इंच व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे २२ फूट ३ इंच भरतो. एकशे चाळीस अंश म्हणजे त्याचा जवळजवळ दोनपंचमांश, म्हणजे साडेआठ फुटांहून थोडे अधिक, सुमारे २.६ मीटर. हे माझे उदाहरणादाखलचे गणित आहे, पण कोन थोडा कमीजास्त धरला तरी अंतर याच घरात राहते. इतके अंतर इंजिन आपल्या दोन लहान सिलिंडरांवर, मागच्या एकाच आसाच्या पकडीवर आणि संपूर्ण गाडी ओढत पार करेपर्यंत कमी दाबाचा सिलिंडर मदतीला येत नव्हता. मदत तर नाहीच, त्याची झडप या काळात उलट दिशेच्या स्थितीत असे.

इथे यूस्टनचा भूगोल आडवा येतो. टर्मिनस स्थानकातून सुटणाऱ्या गाडीचे इंजिन नेहमी मागे येत येत गाडीला लागते. म्हणजे सुटण्याच्या क्षणी कमी दाबाची झडप चुकीच्या बाजूला असणे हा अपघात नव्हता, तो नियम होता. क्रू येथे इंजिन बदलले जाई तिथेही नवे इंजिन मागे येऊनच गाडीला जोडले जाई. उलट मधल्या स्थानकांवर, गाडी पुढे जातच थांबलेली असल्याने, एक्सेंट्रिक आधीच योग्य जागी असे आणि अडचण येत नसे. मात्र जड गाडी सोडताना डब्यांच्या जोडण्या ढिल्या करून घेण्यासाठी इंजिन थोडे मागे घेण्याची ड्रायव्हर लोकांची जी जुनी सवय होती, ती इथे अंगाशी येण्यासारखी होती, कारण जितके मागे जावे तितकी खुंटी टेकूपासून दूर सरकत असे. त्यातच यूस्टनमधून बाहेर पडताच कॅम्डनपर्यंत खडी चढण लागते, सुमारे सत्तरास एक. सुरुवातीच्या वर्षांत ही चढण इतकी अवघड मानली जाई की गाड्या दोराने वर ओढल्या जात. पुढे गाडीला मागून ढकलणारे इंजिन देण्याची पद्धत पडली.

आता आकडे मांडून पाहू. १४ इंची दोन सिलिंडर, १७५ पौंड दाब आणि ७ फूट १ इंची चाके यांवरून, बॉयलरचा पंचाऐंशी टक्के दाब सिलिंडरात पोहोचतो असे धरले, तर उच्च दाबाच्या बाजूची सुरुवातीची ओढ सुमारे ८,२०० पौंड येते. मागच्या चालक आसावर साधारण १५ टन भार, म्हणजे ३३,६०० पौंड. कोरड्या रुळावर चाकाची पकड भाराच्या पावपट धरली तर ८,४०० पौंड होते, आणि ओल्या, तेलकट रुळावर ती १५ टक्क्यांवर आली तर जेमतेम ५,००० पौंड. म्हणजे चांगल्या हवेतही ओढ आणि पकड यांच्यात फरक नावापुरता होता. शिवाय दोन क्रँकची ओढ फेरीभर सारखी नसते. सरासरी ८,२०० असली तरी काही कोनांत ती त्याहून बरीच वर जाते. लंडनच्या पावसाळी, धुरकट हवेत चाके घसरणे हे दुर्दैव नव्हते, ते ठरलेलेच होते.

चाके घसरणे ही वाफेच्या इंजिनाच्या आयुष्यातली रोजची गोष्ट आहे आणि साध्या इंजिनात तिच्यावर साधा उपाय असतो: रेग्युलेटर बंद करा, वाळू सोडा, पुन्हा हळूच उघडा. संयुक्त इंजिनात तर घसरणे स्वतःच आटोक्यात येण्याची सोय असते. उच्च दाबाची चाके भरभर फिरू लागली की रिसीव्हरमध्ये वाफ साचते, तिचा दाब वाढतो आणि तोच दाब उच्च दाबाच्या दट्ट्याला मागून रोखतो. एकदा गाडी वेगात असली की वेब यांच्या इंजिनांनाही या गुणाचा फायदा मिळे.

सुटण्याच्या वेळी मात्र हाच गुण उलटत असे. मागची चाके जागच्या जागी फिरली की प्रत्येक फेरीला चार सिलिंडर भरून वाफ रिसीव्हरमध्ये जाई. इंजिन पुढे गेले नसल्याने पुढची चाके फिरलेली नसत, एक्सेंट्रिक मागच्याच स्थितीत असे, आणि साचलेली वाफ ३० इंची दट्ट्यावर चुकीच्या बाजूने चाल करून जाई. या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस इंच आहे. रिसीव्हरमध्ये केवळ ४० पौंड दाब साचला तरी दट्ट्यावर २८,००० पौंडांहून अधिक जोर येतो, आणि क्रँक मधल्या स्थितीत असेल तर रुळाच्या पातळीवर तो सुमारे ८,००० पौंड भरतो. म्हणजे मागच्या चाकांची सगळी कमाई पुसून टाकेल इतका, आणि ओल्या रुळावर पुढच्या चाकांचीही पकड सोडवेल इतका. एकदा पुढची चाके उलट फिरू लागली की सैल एक्सेंट्रिक खुशाल त्यांच्याबरोबर जाई. त्याच्या दृष्टीने इंजिन मागेच चालले होते. यूस्टनच्या प्रवाशांनी पाहिले ते हेच. आणि क्रँक मधल्या स्थितीत नसून दट्ट्या टोकाला असेल, तर तो एकटा सिलिंडर कुठल्याच दिशेला काही करत नसे. एकच क्रँक असलेल्या बाजूची ही मर्यादा सर्वज्ञात आहे. अशा वेळी निदान विरोध तरी होत नसे.

यातून सुटण्याचे मार्ग ड्रायव्हरच्या हाती फारसे नव्हते. रेग्युलेटर बंद करून रिसीव्हरमधली वाफ ओसरू द्यायची, वाळू टाकायची आणि पुन्हा अत्यंत सावकाश प्रयत्न करायचा, किंवा मागच्या इंजिनाने गाडी ढकलून ते साडेआठ फूट ओलांडून द्यायचे. कधी चाकाखाली लोखंडी पहार घालून इंजिन पुढे सरकवण्यासही माणसे लागत. यूस्टनला मागून ढकलणारे इंजिन चढणीसाठी उपलब्ध असेच, त्यामुळे तिथे हा दोष बराचसा झाकला गेला. माझ्या मते या इंजिनांचे आयुष्य लांबण्यामागे हेही एक कारण होते, कारण ज्या स्थानकात दोष सर्वाधिक उघडा पडायचा तिथेच त्यावरचा उतारा आयता उभा होता.

दोष कुठे होता

सैल एक्सेंट्रिक वाईट होते का? मुळीच नाही. दोन्ही आस आडव्या दांड्यांनी जोडलेले असते, तर मागची चाके घसरली तरी पुढचीही त्यांच्याबरोबर पुढेच फिरली असती आणि पाऊण फेरीच्या आत खुंटी टेकूला भिडली असती. घसरणेसुद्धा मदतच ठरले असते. मोकळे आस वाईट होते का? तेही नाही. कमी दाबाच्या झडपेला ड्रायव्हरच्या हातात लिव्हर असता, तर मोकळ्या आसांनी पकड कमी दिली असती, पण एकमेकांविरुद्ध दिशा धरली नसती. आधीच्या 'ड्रेडनॉट' वर्गात मोकळे आस होतेच. चाके घसरत, सुटताना त्रास होई, पण दिशेचा गोंधळ लिव्हरने निस्तरता येत असे. म्हणजे दोन सोयी, ज्यांपैकी कोणतीही एक पुरेशी होती, वेब यांनी दोन वेगवेगळ्या वेळी दोन वेगवेगळ्या चांगल्या कारणांसाठी काढून टाकल्या. सैल एक्सेंट्रिक आसाच्या हालचालीवर विसंबून होते, आणि मोकळ्या आसाची हालचाल दुसऱ्या आसाच्या पकडीवर. आरेखनाच्या कागदावर हे परावलंबन दिसत नाही, कारण कागदावर चाके घसरत नाहीत.

वेब यांच्यावर टीका करायचीच असेल तर ती इथे करावी की, दोष दिसू लागल्यावरही त्यांनी रचना बदलली नाही. १८९१ पासूनचा 'ग्रेटर ब्रिटन' वर्ग आणि १८९४ पासूनचा 'जॉन हिक' वर्ग यांतही मोकळे आस आणि सैल एक्सेंट्रिक ही जोडी कायम राहिली. 'जॉन हिक' तर सुटण्याच्या बाबतीत कुप्रसिद्ध ठरले. परंतु त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवायला हवी, जी वेब यांच्या टीकाकारांच्या लिखाणात सहसा मागे पडते. 'ट्यूटॉनिक' इंजिने एकदा धावू लागली की उत्तम धावत. 'जीनी डीन्स' १८९० च्या दशकात दुपारी दोनची स्कॉटलंडकडे जाणारी गाडी यूस्टनपासून क्रूपर्यंत वर्षानुवर्षे नेत असे. १८९५ च्या ऑगस्टमध्ये पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या कंपन्यांत अॅबर्डीनपर्यंत शर्यत लागली, तेव्हा शेवटच्या रात्री 'एड्रिअॅटिक'ने यूस्टन ते क्रू हे १५८ मैल सुमारे १४८ मिनिटांत, म्हणजे ताशी ६४ मैलांच्या सरासरीने कापले. गाडी अर्थातच हलकी होती. तरीही दीडशे मैल न थांबता हा वेग राखणारे यंत्र अपयशी म्हणता येत नाही. कारखान्यात बसून हिशेब पाहणाऱ्याला कोळशाचे आणि वेळेचे आकडे दिसत, फलाटावर वाया जाणारी तीन-चार मिनिटे आणि मागून ढकलणाऱ्या इंजिनाचा खर्च वेगळ्या खात्यावर पडत असे. ज्या यंत्राचा दोष पहिल्या साडेआठ फुटांत आणि गुण पुढच्या दीडशे मैलांत आहे, त्याचा न्याय कोणत्या मापाने करायचा, यावर क्रू आणि यूस्टन यांची उत्तरे वेगळी असणे स्वाभाविक होते.

पुढे काय झाले

वेब यांनी १८९७ मध्ये चार सिलिंडरांच्या संयुक्त इंजिनांकडे मोहरा वळवला. त्यांत चालक चाके आडव्या दांड्यांनी जोडलेली होती, चारही सिलिंडर एकाच आसाला फिरवत आणि सैल एक्सेंट्रिक गेले होते. जॉय गिअर कमी दाबाच्या झडपा हलवे आणि त्यांच्यावरूनच आडव्या लिव्हरांनी उच्च दाबाच्या झडपा हलत. उलट दिशेचा प्रश्न त्यामुळे कायमचा मिटला, पण दुसऱ्या टोकाला जाऊन. दोन्ही बाजूंच्या झडपा आता एकमेकींना इतक्या घट्ट बांधलेल्या होत्या की एकीकडे वाफ लवकर तोडली की दुसरीकडेही लवकर तुटे, आणि कमी दाबाच्या बाजूला वाफ तुंबण्याची, ज्या त्रासातून सुटण्यासाठी सैल एक्सेंट्रिक आणले होते तीच, अडचण परत आली.

१९०३ मध्ये वेब निवृत्त झाले आणि जॉर्ज व्हेल त्यांच्या जागी आले. व्हेल यांची नजर फलाटावरच्या वेळापत्रकावर होती. त्यांनी साधी, दोन सिलिंडरांची, जोडचाकांची इंजिने झपाट्याने बांधायला घेतली आणि तीन सिलिंडरांची संयुक्त प्रवासी इंजिने भंगारात काढायला सुरुवात केली; 'ट्यूटॉनिक' वर्ग १९०७ पर्यंत सगळा गेला, 'जीनी डीन्स' आणि 'एड्रिअॅटिक'सुद्धा. चार सिलिंडरांपैकी काही इंजिने मात्र त्यांनी ठेवली, आणि त्यांत केलेला पहिला महत्त्वाचा बदल असा होता की उच्च आणि कमी दाबाच्या झडपांना पुन्हा वेगवेगळी दिशाबदलाची यंत्रणा बसवून दोन्हींचा ताबा ड्रायव्हरकडे परत दिला.